तांदळाच्या पिंपातली काडतुसं

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका घरात परवान्याची एक बंदूक होती. ती घरात असल्यामुळे घरातली माणसं अधिक सुरक्षित होती का, या एकाच प्रश्नासाठी हे प्रकरण लिहितो आहे. घर माझ्या मामांचं. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. मामा-मामींनी लिहायला होकार दिला, तोही याच अटीवर.

डिसेंबर २०२४ मधल्या एका रविवारी मामांनी मला फोंड्याहून बोलावून घेतलं. काम कागदाचं होतं. शस्त्र परवान्याची मुदत जानेवारीत संपत होती. मामांना सत्तर पुरी झाली होती, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वयाच्या सत्तरीनंतर परवानाधारकाला आपलं शस्त्र वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. मामेभाऊ वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि शनिवार-रविवारी घरी येतो. बंदूक आपल्या नावे करून घ्यायची असं त्याने ठरवलंच होतं. अर्ज तेवढा मी भरून द्यायचा होता. तो अर्ज मी भरला नाही. का, ते पुढे येईल.

घर आणि बंदूक

घर म्हादई अभयारण्याच्या कडेला आहे. पुढे कुळागर, त्यात पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल. मागच्या डोंगराला काजू. घराला लागून दुसरं घर नाही, सगळ्यांत जवळचा शेजारी हाक मारली तर कशीबशी ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. रात्री रानडुकरं केळीचे गड्डे आणि माडाची रोपं उकरतात, दिवसा माकडं शहाळी पाडतात, आणि अलीकडे गवेही खाली उतरू लागले आहेत.

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पिकाच्या राखणीसाठी मुळात ठासणीचीच बंदूक धरली आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. मामांना १९९८ साली बारा बोअरची एकनळी मिळाली. सोप्यावरून आत गेलं की समोरच्या भिंतीवर दोन लाकडी खुंट्या होत्या, त्यांवर ती आडवी टांगलेली असायची. काडतुसं निजायच्या खोलीतल्या कपाटात, कागदपत्रांच्या पेटीशेजारी. दसऱ्याला पाटावर कोयता, कुदळ, पारय आणि मध्ये बंदूक मांडली जायची. मामा तिला झेंडूची माळ घालायचे. सत्तरीत बंदुकीला मान आहे, आणि तो आजचा नाही. १८५२ साली दिपाजी राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध उठाव करून नाणूसचा किल्ला घेतला, ती गोष्ट आमच्याकडे मुलं पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकतात. म्हणून बंदूक घरात ठेवावी की नाही ही चर्चा इथे नुसत्या उपयोगाची राहत नाही. बापजाद्यांची वस्तू परत करायची म्हणजे काहीतरी खाली ठेवल्यासारखं वाटतं. हे मी हलक्यात घेत नाही.

आता तिचा प्रत्यक्ष वापर. रानडुक्कर आणि गवा दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, गवा तर गोव्याचा राज्यप्राणी. पीक राखायचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. मामा कायद्याला भिऊन वागणारे गृहस्थ. सव्वीस वर्षांत त्यांनी बार काढला तो हवेत. रिकामी काडतुसं ते एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकत. तो डबा मी त्या रविवारी ओटीवर उपडा केला आणि मोजली. एक्केचाळीस निघाली. परवान्याच्या पुस्तकात काडतूस खरेदीच्या ज्या नोंदी होत्या, त्यांच्याशी हा आकडा साधारण जुळला. म्हणजे वर्षाला दीड बार. शेवटची सात-आठ वर्षं तर राखणीला मुख्यतः फटाके आणि विजेरीच होती. डुकरं हटत ती आवाजाने, आणि आवाजापेक्षाही खोपीत माणूस जागा आहे या सुगाव्याने.

चोरी

मामेभावाचा मुद्दा पिकाचा नव्हता. त्याचं म्हणणं असं, की आई-बाबा दोघं म्हातारी, रानाच्या कडेला एकटी. वेळ आली तर काय? हा प्रश्न खरा आहे. मामीही कधीकाळी याच मताच्या होत्या.

२०१७ च्या शिगम्यात त्यांच्या घरी चोरी झाली. सगळी देवळाच्या मांडावर गेली होती. मागचं दार उचकटून कोणीतरी आत शिरलं, कपाट फोडलं, मामींच्या पाटल्या आणि रोख रक्कम नेली. मामा सांगतात, दार उघडं दिसल्यावर त्यांनी आधी कपाटाकडे पाहिलंच नाही, पाहिलं ते खुंट्यांकडे. बंदूक जागेवर होती. चोर तिच्याखालून दोनदा गेला असणार. पोलीस आले तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न तोच होता: बंदूक आहे ना? पाटल्यांचं विचारलं ते नंतर.

त्यानंतर काही महिने मामींनी बंदूक खाटेजवळ ठेवायला लावली. "ती जवळ असली की मला डोळा लागायचा," असं त्या आजही सांगतात, आणि ही झोप मी खोटी ठरवणार नाही. पण त्या चोरीत बंदुकीचा उपयोग काय झाला हे पाहिलं तर उत्तर उरत नाही. मामांकडे बंदूक आहे हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं, तरी चोरी झाली. चोर घर रिकामं असताना आला आणि रिकाम्या घरात बंदूक कोणाला राखत नाही. उलट मामांना पहिली धास्ती पडली ती तिच्याच चोरीची. पाटल्या गेल्या तर नुकसान घराचं. बंदूक गेली असती तर ती पुढे कोणावर रोखली जाईल याचा घोर आयुष्यभर राहिला असता.

२०२२ चा पावसाळा

हा भाग लिहिताना मला जड जातं.

त्या वर्षी पोफळीवर कोळेरोग आला आणि सुपारी कोवळी असतानाच गळून पडली. मुलीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर होतं. मे महिन्यात मामांचे धाकटे भाऊ अचानक गेले. मामा बोलायचे थांबले. जेवण अर्ध्यावर आलं. रात्री-बेरात्री उठून सोप्यावर बसून राहायचे, विचारलं तर म्हणायचे, "पाऊस बघतोय." आम्ही सगळ्यांनी त्याला दुःख म्हटलं, वय म्हटलं. आजार कोणी म्हटलं नाही.

जुलैमधल्या एका रात्री वीज गेली होती आणि पाऊस कौलांवर कोसळत होता. मामींना जाग आली तेव्हा शेजारी मामा नव्हते. बाहेर ओटीवर दिवा लावलेला, आणि मामा मांडीवर बंदूक आडवी घेऊन फडक्याने नळी पुसत बसलेले. पावसाळ्यात बंदुकीला गंज चढतो, पुसावी लागते, हे खरं. पण ती काही पुसायची वेळ नव्हती. मामी आरडाओरडा करत्या झाल्या नाहीत. "चहा ठेवते, घेणार?" एवढंच विचारलं. मामांनी मान हलवली. मामी उठल्या त्या थेट कपाटाकडे गेल्या. काळोखात चाचपडत काडतुसांची पुडी काढली, दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून गाठ मारली, आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून तळाशी ठेवली. मग चूल पेटवली. दोघं पहाटेपर्यंत चहा घेत बसली. काय बोललात, असं मी विचारलं. मामी म्हणाल्या, "काही नाही रे पुता. कोंबडा आरवेपर्यंत बसलो, इतकंच."

सकाळी त्यांनी म्हापशाला मुलीला फोन केला. मुलगी दुसऱ्याच दिवशी आली आणि मामांना बांबोळीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषधं सुरू झाली. दिवाळीपर्यंत मामा पुन्हा कुळागरात उतरायला लागले. त्या रात्री मनात काय होतं, हे मामांना कोणी विचारलेलं नाही, मीही नाही.

मामींनी पिंपाची गोष्ट कोणालाच सांगितली नाही. तांदूळ संपत आला की पुडी वर यायची, नवे तांदूळ ओतताना ती पुन्हा तळाशी जायची.

बंदुकीविना दिवस

१६ मार्च २०२४ ला लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि मामांना शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. गोव्यात परवानाधारकांना हे नवीन नाही. बंदूक खुंटीवरून काढली. काडतुसं आणायला मामा कपाटाकडे गेले, तर काडतुसं नाहीत. पेटी उलटी केली, खाट ओढली. चेहरा पांढरा पडला, कारण काडतूस हरवणं ही साधी गोष्ट नव्हे, त्याचा जाब द्यावा लागतो. तेव्हा मामी स्वयंपाकघरात गेल्या, बाही वर केली, पिंपात हात घातला आणि पिशवी आणून त्यांच्या हातात दिली. सात काडतुसं. पिशवीच्या गाठीत तांदळाचे दाणे अडकलेले.

मामा बराच वेळ पिशवीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कधीपासून?"

"त्या पावसापासून."

वीस महिने. वीस महिने त्या घरात बंदूक होती आणि ती उडवायला काडतूस नव्हतं, आणि बंदुकीच्या मालकाला त्याचा पत्ता नव्हता. दोन दसऱ्यांना तिची पूजा झाली. त्या काळात चोरी झाली नाही. डुकरं आली, गड्याने फटाके लावून हाकलली, काही वाफे गेले, नेहमी जातात तेवढेच. या प्रकरणात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. कोणी मुद्दाम न ठरवता त्या घराने स्वतःवरच एक प्रयोग करून पाहिला. पुढे निवडणुकीत बंदूकही गेली. काजूचा हंगाम ऐन भरात होता आणि ती पोलीस ठाण्यात होती. ७ मे ला मतदान झालं, जूनमध्ये आचारसंहिता उठली, पण मामा "आणायला जातो, जातो" म्हणत राहिले आणि पावसाळा सरला.

मामेभाऊ काडतुसांचं ऐकून म्हणाला, "चोराला कुठे ठाऊक होतं काडतुसं पिंपात आहेत ते? बंदूक आहे हे लोकांना ठाऊक असणं, हीच राखण." त्याचं बोलणं मी झटकून टाकत नाही. एका घराच्या वीस महिन्यांवरून धाकाचा उपयोग शून्य असं सिद्ध होत नाही. पण हाच धाक २०१७ मध्येही होता, आणि तेव्हा पाटल्या गेल्या.

बाहेरचे अभ्यास

हा प्रश्न जगात सर्वाधिक तपासला गेला आहे तो अमेरिकेत, कारण तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. २०१७ च्या स्थितीवर स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने केलेल्या अंदाजात अमेरिकेत दर शंभर माणसांमागे नागरिकांच्या १२० बंदुका, तर भारतात पाचच्या आसपास, त्यातल्याही बहुतेक बिनपरवान्याच्या. त्यामुळे तिथले आकडे उचलून सत्तरीवर ठेवता येत नाहीत. तिथे जे दिसलं त्याची दिशा मात्र पाहता येते.

आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तीन काउंट्यांतले घरात झालेले खून तपासले. बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा संभव २.७ पट आढळला, आणि मारणारा बहुधा घरातला किंवा ओळखीचा होता. त्यावर योग्य आक्षेप आला: ज्यांना आधीच धोका असतो तेच बंदूक घेत असतील. उलट बाजूने गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये, स्वसंरक्षणासाठी वर्षाला पंचवीस लाख वेळा बंदूक वापरली जाते असा अंदाज मांडला. सरकारी गुन्हेपीडित पाहणीतून निघणारा आकडा मात्र त्याच्या जवळपासही जात नाही, तो लाखाच्या आतबाहेर राहतो. पुढे कॅलिफोर्नियात कोट्यवधी प्रौढांच्या नोंदी वर्षानुवर्षं पाहिल्या गेल्या. २०२० च्या निष्कर्षात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठ पट आढळलं. २०२२ चा निष्कर्ष मला मामींसाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वतःकडे बंदूक नाही, पण ज्याच्याकडे आहे अशा माणसासोबत राहतात, अशांचा खून होण्याचा संभव दुपटीहून अधिक निघाला. खाटेजवळ बंदूक असली की डोळा लागतो हे खरंच, पण झोपणाऱ्याचा धोका त्यामुळे कमी झालेला दिसत नाही.

इस्रायली सैन्याचं उदाहरण तर आमच्या पिंपाशी थेट जाऊन मिळतं. तरुण सैनिक आठवड्याच्या सुट्टीत बंदूक घरी नेत. २००६ मध्ये ती छावणीतच ठेवायला लावली. मनं बदलली नव्हती, दुःखं तीच होती, फक्त हत्यार आणि वाईट तास यांच्यात अंतर पडलं. आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या, आणि आठवड्याच्या इतर दिवशी त्या वाढल्याही नाहीत. आपल्याकडे, विशेषतः शेतकऱ्यांच्या घरात, बंदुकीपेक्षा कीटकनाशकाचा धोका मोठा आहे हे मला मान्य आहे. ते कुलपात असावं हेही मी मामांना सांगितलं. पण वाईट तास टळला की बहुतेक माणसं पुढे जगतात. बंदूक तेवढी सवड देत नाही.

आणखी एक गोष्ट मनात सलते. परवान्यासाठी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते, पोलीस चौकशी होते. सव्वीस वर्षांत इतक्या वेळा नूतनीकरण झालं, पण बंदुकीच्या खाली रोज केर काढणाऱ्या मामींना एकदाही कोणी विचारलं नाही, की तुम्हाला ही घरात हवी आहे का. कॅनडात अर्जावर जोडीदाराची सही घेतात आणि ती नसेल तर त्याला कळवतात. इथे एवढं करायला कायदा बदलेपर्यंतही थांबायला नको. चौकशीला येणाऱ्या शिपायाने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दोन शब्द विचारले तरी पुरे.

निर्णय

त्या रविवारी मी अर्ज पुढ्यात घेतला आणि भरण्याआधी मामींना विचारलं. मामेभावाला त्या पावसाळी रात्रीची गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा कळली. तो उठून कुळागरात गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. मग त्याने हट्ट धरला नाही, पण पटलं असंही म्हणाला नाही.

बोलले ते मामाच. "माझ्या बापाने घरात बंदूक आणली ती डुकरांसाठी," ते म्हणाले. "डुकरं अजून आहेत. पण हिला काडतुसं माझ्यापासून लपवावी लागली." पुढे काही बोलले नाहीत. मी परवाना परत करण्याचा अर्ज लिहिला. बंदूक ठाण्यातून परस्पर परवानाधारक विक्रेत्याकडे गेली. मिळालेली रक्कम फार नव्हती.

कृषी खात्याच्या अनुदानातून कुळागराभोवती सौर कुंपण घातलं. लोक त्याला झटका मशीन म्हणतात. तारेला जनावर लागलं की क्षणभर झटका बसतो, मरत नाही. मागच्या दाराला लोखंडी जाळी आणि आतून अडसर बसवला, अंगणात हालचालीने पेटणारा दिवा लावला, आणि शेजाऱ्याशी ठरवलं की रात्री नऊला दोन्ही घरांनी एकमेकांना फोन करायचा. २०१७ च्या चोराला यातल्या जाळीनेच थांबवलं असतं.

शेजाऱ्याने आपली बंदूक ठेवली आहे. त्याचं शेत अगदी रानाच्या तोंडाशी आहे आणि हजार किलोच्या आसपासच्या गव्याला तारेचं काही वाटत नाही. त्याचं घर मला ठाऊक आहे. त्याने बंदूक टाकावी असं मी म्हणणार नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेव आणि किल्ली वहिनीकडे दे, एवढंच त्याला सांगून आलो. किल्लीचं ऐकून तो गप्प झाला.

या दसऱ्याला पाटावर कोयता, कुदळ, पारय होती. खुंट्या भिंतीवर तशाच आहेत, आता एकीवर मामींची विजेरी असते आणि दुसरीवर पावसाळ्यात छत्री. झेंडूची एक माळ मामांनी कुळागरात नेऊन झटका मशीनच्या पेटीला घातली.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. खालच्या अंगाने डुकरं शिरली, माडाची दोन रोपं आणि केळीचा एक गड्डा गेला. "गवत वाढून तारेला टेकलं होतं, झटका उतरला," म्हणाले. "रविवारी ये. येताना फोंड्याहून एक चांगला कोयता घेऊन ये, माझ्याची धार गेली आहे."